छोटे मानसोपचार निवासगृह : काळजीचा दर्जा कसा पारखावा?

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता किंवा अन्य दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचे आई-वडील सत्तरीकडे झुकू लागले की त्यांच्या मनात एकच प्रश्न घर करतो : 'आमच्यानंतर काय?' याच प्रश्नापोटी अनेक कुटुंबे दहा-वीस जणांची सोय असलेल्या खासगी निवासगृहांचा शोध घेऊ लागतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालये प्रामुख्याने उपचारांसाठी आहेत. आजार आटोक्यात आल्यावर लागणाऱ्या दीर्घ निवासाची गरज ती भागवू शकत नाहीत. मात्र निवासगृहाची निवड बहुधा घाईत, थकव्यात आणि अपुऱ्या माहितीवर होते.

एरवाडीचा धडा

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. मानसिक आरोग्य अधिनियम १९८७ त्या वेळी अस्तित्वात होता आणि परवान्याची तरतूदही होती. तिची अंमलबजावणी मात्र नव्हती.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. पाटीवर 'पुनर्वसन केंद्र', 'आश्रम' किंवा 'हाफवे होम' असे काहीही लिहिलेले असो. मनोरुग्णांना काळजी, उपचार वा पुनर्वसनासाठी ठेवून घेणाऱ्या आस्थापनेला नोंदणी बंधनकारक आहे. रुग्ण स्वतःच्या नातेवाइकांकडे वा मित्रांकडे राहत असेल, ते घर मात्र यातून वगळले आहे. नोंदणीकृत आस्थापनेची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, अशीही तरतूद आहे.

साखळीने बांधणे कोणत्याही कारणाने निषिद्ध आहे. एकांतात कोंडून ठेवण्यासही मनाई आहे. तातडीचा धोका टाळण्याचा अन्य मार्गच उरला नसेल, तरच शारीरिक प्रतिबंध करता येतो. तोही आवश्यक तेवढाच काळ आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने. त्याची कारणे व कालावधी नोंदवावा लागतो. सक्तीने मुंडण करता येत नाही. स्वतःचे कपडे घालण्याचा, खासगीपणाचा, भेटीगाठींचा आणि दूरध्वनीवर बोलण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही. केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. केवळ कुटुंब स्वीकारत नाही वा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणाला आस्थापनेत ठेवून घेता येणार नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे.

लहान असण्याचे दोन पैलू

लहान निवासगृहात प्रत्येकाचे नाव, आवडनिवड, झोपेची वेळ माहीत असते. आजार उलटण्याची पूर्वचिन्हे, म्हणजे झोप उडणे, जेवण टाळणे, अबोला, ही रोज सोबत असणाऱ्याच्याच प्रथम लक्षात येतात. हे मोठ्या रुग्णालयाला सहसा साधत नाही.

परंतु याच लहानपणात धोकाही दडलेला असतो. मालक, व्यवस्थापक आणि तक्रार ऐकणारा एकच असला की तक्रारीला वाट उरत नाही. रात्री एकच सेवक असेल, तर आजारपण, भांडण वा आग अशा प्रसंगी तो अपुरा पडतो. कमी वेतनामुळे सेवक वारंवार बदलतात आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर रुग्णाविषयीचे साठलेले ज्ञान नाहीसे होते.

शांतता म्हणजे दर्जा नव्हे

भेटीला गेलेल्या नातेवाइकांना स्वच्छ फरशी आणि शांत बसलेली माणसे दिसली की समाधान वाटते. पण सकाळी अकरा वाजता सर्वजण खाटेवर पडून असतील, तर ती शांतता तपासून पाहिली पाहिजे. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन यांनी इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांची स्थिती सुधारण्याशी सर्वांत निकटचा संबंध आढळला तो, काहीही न करता घालवलेला वेळ कमी होण्याशी. भाजी निवडणे, बाजारात जाणे, स्वतःचे पैसे हाताळणे या साध्या गोष्टी म्हणूनच औषधाइतक्या महत्त्वाच्या ठरतात.

शरीराचीही काळजी

मनोविकारविरोधी अनेक औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. त्यामुळे वजन, रक्तदाब, साखर व चरबीची नियमित तपासणी आवश्यक असते. लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तातील त्याची पातळी, तसेच मूत्रपिंड व थायरॉइडचे कार्य वेळोवेळी पाहावे लागते. क्लोझापिन घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला मोजाव्या लागतात. या नोंदी दाखवता न येणारे निवासगृह औषधे देत असेल, उपचार करीत आहे असे म्हणता येणार नाही.

पाहणी करताना

- नोंदणी प्रमाणपत्र मागावे; मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, हे विचारावे.
- रात्री किती सेवक असतात आणि दारांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे जाणून घ्यावे.
- स्वयंपाकघर, स्वच्छतागृह व शयनकक्ष पाहावेत. केवळ दिवाणखान्यातूनच परत पाठवले जात असेल, तर सावध व्हावे.
- न कळवता भेटता येते का आणि रुग्णाशी एकांतात बोलता येते का, हे आधीच ठरवून घ्यावे.
- प्रत्येकासाठी लेखी पुनर्वसन आराखडा आहे का व त्याचा आढावा कधी घेतला जातो, हे विचारावे.
- शुल्कात औषधे, तपासण्या व रुग्णालयाचा खर्च धरला आहे का, हे लेखी घ्यावे.

हक्कांचे उल्लंघन झाल्यास कायद्यानुसार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

कुटुंबाचा वाटा

पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कार्यातून रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द रूढ झाले. निवासगृहात दाखल केल्याने शुभंकराची भूमिका संपत नाही. ज्याला भेटायला कोणी येते, त्याच्याकडे सेवकांचे लक्ष राहते, हा साधा व्यवहार आहे. ज्यांना भेटायला कोणीच येत नाही, त्यांच्याशी निवासगृह कसे वागते, त्यावरून मात्र त्याचा खरा दर्जा कळतो. पाहणीला जाणाऱ्याने अशा एखाद्या रहिवाशाशीही दोन शब्द बोलून पाहावेत.