गोड पाला आणि मामांची पोती

मी पाचवीत असताना, म्हणजे २००६ च्या सुमारास, वाळव्याच्या मामांनी दहा गुंठ्यांतला ऊस काढून स्टेव्हिया लावला. रोपं विकणाऱ्यानं सांगितलेलं, ‘पाला आम्हीच विकत घेऊ.’ कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात हे मोठंच धाडस! पावसाळ्यात काळ्या रानात पाणी साचलं आणि निम्मी रोपं मुळापासून कुजली. उरलेला पाला सुकवून मामांनी पोती भरली, तर रोपंवाल्याचा फोनच लागेना.

आता मी याच पानातल्या गोड रेणूंवर पीएच.डी. करतेय. त्यामुळं घरी विषय निघाला की सगळे माझ्याकडं बघतात. मामांचं नक्की काय चुकलं, हे कळायला आपल्याला जरा लांब, पॅराग्वेपर्यंत जावं लागेल.

तिथले ग्वारानी लोक पिढ्यानपिढ्या हा पाला ‘माते’ नावाच्या पेयात गोडीसाठी घालत आलेत. १८९९ मध्ये मोइसेस बेर्तोनी या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं झाडाचं शास्त्रीय वर्णन केलं. (आपल्याकडं ‘गोड तुळस’ म्हणतात खरं, पण तुळशीशी याचं नातं नाही, हे सूर्यफुलाच्या कुळातलं.) १९३१ मध्ये ब्रिदेल आणि लाव्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानातून स्टेव्हिओसाइड वेगळं केलं. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड! गंमत बघा, पुढच्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. उसाच्या मागं केंद्र उभं राहिलं, पुढं कारखाने आले. स्टेव्हियाला पहिला मोठा बाजार मिळाला तो थेट १९७० च्या दशकात, जपानमध्ये.

मग आलं १९८५. स्टेव्हिओसाइडचा रेणू म्हणजे ‘स्टेव्हिऑल’ हा गाभा आणि त्याला जोडलेले ग्लुकोजचे तीन तुकडे. आपली पचनसंस्था हे तुकडे तोडू शकत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते तोडून स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून आपल्याला कॅलरी जवळपास मिळतच नाहीत. उरलेलं स्टेव्हिऑल रक्तात जातं. अमेरिकेतल्या एका गटानं हेच स्टेव्हिऑल उंदरांच्या यकृताच्या अर्कासोबत साल्मोनेला जिवाणूंवर टाकून पाहिलं, तर जिवाणूंत जनुकीय बदल दिसले. झालं! १९९१ मध्ये अमेरिकेनं स्टेव्हियाच्या आयातीवर बंधनं घातली.

प्रयोग चुकीचा होता का? माझ्या मते नाही. शंका काढणं हे त्यांचं कामच होतं. पण काचेच्या बशीतलं यकृत आणि जिवंत माणसाचं यकृत यांत फरक असतो. शरीरात यकृत स्टेव्हिऑलला झटकन ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. प्राण्यांवरच्या पुढच्या चाचण्यांत ती भीती खरी ठरली नाही. हे सगळं तपासून २००८ मध्ये जागतिक तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागं ४ मिलिग्रॅम स्टेव्हिऑल. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं परवानगी दिली ती २०१५ मध्ये.

आता मामांच्या पोत्यांचं साल आठवा. २००६! आणि नऊ वर्षांनी परवानगी आली तीही शुद्ध केलेल्या ग्लायकोसाइडांना, किमान ९५ टक्के शुद्धतेच्या. त्यासाठी पाला पाण्यात उकळायचा, गाळायचा, रेझिनच्या नळकांड्यांतून न्यायचा, मग स्फटिक करायचे. ऊस तोडला की कारखान्याची ट्रॉली बांधावर येते. ह्या पाल्यामागं तसा कारखानाच नव्हता. रोपं विकून पैसे तेवढे झाले, आणि ते भलत्याच माणसाला.

मामांना आता साखर आहे. परवा त्यांनी मेडिकलमधून आणलेलं स्टेव्हियाचं पाकीट चष्मा लावून उलटसुलट केलं.

“ह्यात आपला पाला किती हाय गं?”

मी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. पाला शून्य. चिमूटभर ग्लायकोसाइड, बाकी चमच्यात मावावं म्हणून घातलेली भर.

“मग चाऽ कडू का लागतोय?”

ते स्टेव्हिओसाइडमुळं, मामा. माझा प्रबंध त्यावरच चाललाय.