जबड्यातील पुटीद्रव : प्रथिनांचे विश्लेषण

जबड्याच्या हाडात अस्तर असलेली, द्रवाने भरलेली पोकळी तयार होते तिला पुटी म्हणतात. दवाखान्यात तिला सरसकट ‘सिस्ट’च म्हटले जाते. आतल्या द्रवातील प्रथिने मोजून पुटीचा प्रकार शस्त्रक्रियेआधी ताडणे हा या तपासणीचा हेतू. एक्स-रेमध्ये अनेक पुट्या सारख्याच दिसतात. मेलेल्या दाताच्या मुळाशी झालेली मूलाग्र पुटी नीट काढली की सहसा प्रश्न मिटतो. केराटोसिस्ट ही केराटिनयुक्त अस्तराची पुटी मात्र मागे राहिलेल्या अस्तराच्या कणातूनही पुन्हा उद्भवते. त्यामुळे आधी कळले तर शल्यचिकित्सकाला बेत आखता येतो.

जागा बधिर करून जाड सुईने द्रव ओढतात. अर्धे निदान इथेच होते असे म्हटले तरी चालेल. मूलाग्र पुटीचा द्रव पिवळसर असतो आणि उजेडात धरल्यास त्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक चमकताना दिसू शकतात. केराटोसिस्टमधून पांढुरका, पुवासारखा दाट माल निघतो, कधी सुईच तुंबते. नुसते लाल रक्त जोराने येऊ लागले तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तेथे पुढे छेद घेणे धोक्याचे.

प्रयोगशाळेत द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तळाच्या गाळात केराटिनचे पापुद्रे आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वरच्या निवळीत एकूण प्रथिने बाययुरेट किंवा लॉरी पद्धतीने (१९५१) मोजतात आणि विद्युत् संचारणाने त्यांचे पट्टे वेगळे करतात. ब्रिटिश संशोधक टॉलर यांच्या कामातून रूढ झालेला निकष सोपा आहे : १०० मिलि. द्रवात ४ ग्रॅमपेक्षा कमी विद्राव्य प्रथिने असल्यास केराटोसिस्टची शक्यता, ५ ग्रॅमपेक्षा जास्त असल्यास इतर पुट्यांची. मधला पट्टा संदिग्धच.

फरकाचे मूळ पुटीच्या भिंतीत आहे. मूलाग्र पुटीत दाह असतो. रक्तातील प्रथिने झिरपतात, शिवाय भिंतीतल्या प्लाझ्मा पेशी जागेवरच इम्युनोग्लोब्युलिने तयार करतात. केराटोसिस्टचे अस्तर केराटिनयुक्त आणि दाह बेताचा, म्हणून आत पोहोचते ते प्रामुख्याने लहान रेणूंचे अल्ब्युमिन. मोठ्या ग्लोब्युलिनांचे पट्टे फिके पडतात. १९८०च्या दशकात लॅक्टोफेरिन या प्रथिनासारख्या खुणाही तपासल्या गेल्या. आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने एकाच नमुन्यातली शेकडो प्रथिने ओळखता येतात, पण रोजच्या दवाखान्यात त्याचा उपयोग अजून तरी थोडाच.

केराटोसिस्टला जंतुसंसर्ग झाला की प्रथिने वाढतात आणि निकष फसतो. सुईबरोबर रक्त मिसळले तरी तेच. अमेलोब्लास्टोमा हे अर्बुदही पोकळ असू शकते, आणि त्याच्या द्रवात प्रथिने भरपूर असल्याने नुसता आकडा त्याला साध्या पुटीत जमा करील. म्हणून द्रवाचा अहवाल काहीही असो, अंतिम निदान भिंतीच्या तुकड्याच्या ऊतितपासणीवरच, म्हणजे बायॉप्सीवरच होते.