‘रासेलस’ आणि चिपळूणकर पितापुत्र
इंग्रजीचा १७५५ सालचा प्रसिद्ध कोश रचणाऱ्या सॅम्युएल जॉन्सनने १७५९ मध्ये ‘रासेलस’ ही छोटी कादंबरी लिहिली, आणि अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, राजपुत्राची ही कथा प्रौढ इंग्रजी शब्दसंपत्ती मिळवू पाहणाऱ्यांना फार उपयोगी ठरली. कारण तिच्यात घटना थोड्या असून लॅटिनोद्भव, म्हणजे लॅटिनमधून इंग्रजीत आलेले, अमूर्त शब्द समतोल वाक्यांत असे गुंफलेले आहेत की अनोळखी शब्दाचा अर्थ बहुधा त्याच्या जोडीच्या शब्दावरून उलगडतो. पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचे मराठी भाषांतर आरंभले आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते पूर्ण केले. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ पासून हाताशी होता खरा, परंतु कोश शब्दाचा सुटा अर्थ देतो, वाक्यातील त्याचे वजन भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी स्वतःच ठरवावे लागते; म्हणूनच शब्दाभ्यासाचा भाषांतराहून कसदार मार्ग सांगणे कठीण आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तील विष्णुशास्त्र्यांच्या दीर्घ, तोलदार वाक्यांवर जॉन्सनच्या गद्याची छाया स्पष्ट दिसते, आणि जॉन्सनविषयी त्यांनी याच मालेत विस्ताराने लिहिलेही.