छप्पर सैतानाने उडवले, मग जमीन कोणी नेली?

आयर्लंडमध्ये डब्लिन शहराच्या दक्षिणेला माँटपेलियर नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर एका दगडी घराचा भग्न सांगाडा उभा आहे. लोक त्याला ‘हेलफायर क्लब’ म्हणतात. दंतकथा अशी की एका वादळी रात्री तेथे अनोळखी पाहुणा आला आणि पत्ते खेळायला बसला. खाली पडलेले पान उचलायला कोणीतरी वाकले, तर पाहुण्याला पायाच्या जागी खूर! दुसरी कथा सांगते की घर बांधताना प्राचीन थडग्याचे दगड वापरले, म्हणून सैतानाने छप्पर उडवून दिले.

आम्ही सैतान मानत नाही. पण लोकांना सैतान का लागतो, हा प्रश्न आम्ही जरूर विचारतो.

हे घर 1725 च्या सुमारास विल्यम कॉनोली याने शिकारीसाठी बांधले. तो आयरिश संसदेचा सभापती होता. युद्धात हरलेल्यांच्या जप्त जमिनींच्या व्यवहारात तो गडगंज झाला. 1704 च्या कायद्याने कॅथलिकांना, म्हणजे देशातील बहुसंख्य जनतेला, जमीन विकत घेण्याचीच बंदी केली होती. कायदा करणारी संसद जमीनदारांची आणि तिचा सभापतीही जमीनदारच. दाद कोणाकडे मागायची?

थडग्याचे दगड वापरले गेले, ही गोष्ट मात्र खरी आहे. 2016 च्या उत्खननात तेथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्याचे अवशेष मिळाले. छप्परही वादळात खरोखर उडाले होते. ज्यांना न्यायालय नव्हते, त्यांनी कथेत खटला चालवला आणि शिक्षाही सुनावली. दंतकथेचे मोल आम्ही येथवर मान्य करतो.

पुढे मात्र तीच कथा घात करते. छप्पर सैतानाने उडवले म्हटले की 1704 चा कायदा कोणी केला, हे विचारायचे राहून जाते. आपल्याकडेही दारिद्र्य पूर्वजन्मीच्या कर्माच्या माथी मारले, की वतन कोणाचे आणि वेठ कोणाची हा प्रश्न मिटतो. बाबासाहेबांनी शिकवले ते हेच की दुःखाचे कारण आकाशात शोधू नका, समाजाच्या रचनेत शोधा.

कॉनोली 1729 मध्ये वारला. 1739-40 च्या भीषण थंडीत बटाटे जमिनीतच कुजले आणि दुष्काळ पडला. त्यात तीन ते चार लाख माणसे मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या काळात कॉनोलीच्या विधवेने, कॅथरीनने, भुकेल्यांना काम म्हणून कमानींवर 140 फूट उंचीचा स्तंभ उभारवला. तोच ‘कॉनोलीज फॉली’. फॉली म्हणजे निरुपयोगी, हौसेची वास्तू. तो स्तंभ वाड्याच्या मागील बाजूने नजरेत भरावा अशा जागी आहे. काम मिळाले, कित्येक जीव कदाचित वाचलेही असतील; ते आम्ही नाकारत नाही. पण उपाशी माणसाने धान्यासाठी मालकिणीच्या खिडकीतला देखावा बांधावा, याला न्याय म्हणत नाहीत. त्याला दान म्हणतात. दान देणाऱ्याचे नाव वास्तूला राहिले, दगड वाहणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत.

येथे आम्हास कोरेगाव भीमाचा स्तंभ आठवतो. तो कंपनीने स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे आम्ही जाणतो. तरीही त्यावर ‘नाक’ प्रत्ययाची आमच्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि ती नावे आमच्यासाठी इतिहास झाली. दगड तोच, त्यावर कोणाचे नाव आहे आणि ते कोण वाचते, यावर सारे ठरते.

म्हणून कोणताही पडका वाडा, बुरूज वा गढी पाहाल, तेव्हा तेथे भूत आहे का, हे विचारू नका. जमीन कोणाची होती आणि दगड कोणी वाहिले, एवढे विचारा. भुते आपोआप पळतील.

जयभीम!