धोबीतलावापासून तानसापर्यंत

मुंबईत धोबीतलाव आहे, पण तेथे तलाव नाही. गोवालिया टँक, सी. पी. टँक, खारा तलाव, दो टाकी ही नावे बसच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी आहेत. पाणी मात्र यांपैकी कोठेही उरलेले नाही. आपल्या समाजाला तर धोबीतलावाचा परिसर घरच्यासारखा. 1869 साली स्थापन झालेले झेवियर महाविद्यालय तेथलेच, गोव्याहून बोटीवरच्या नोकरीसाठी येणाऱ्या खलाशांची कुडेही तेथलीच. कित्येक वर्षे आम्हीही तेथून जा-ये केली. परंतु या नावातला तलाव गेला कोठे, हा प्रश्न आमच्या मनात फार उशिरा आला.

मुंबई हा मुळात सात बेटांचा समूह. चहूकडे पाणी, पण ते खारे. पिण्यासाठी पावसाचे साठवलेले पाणी आणि विहिरी यांवाचून गत्यंतर नव्हते. म्हणून ज्याला देवाने दिले त्याने विहीर खणावी किंवा तलाव बांधावा, अशी येथील रीत पडली. ती कोणा एका धर्माची नव्हती. चर्चगेटजवळची भिखा बेहराम यांची विहीर 1725 सालची. ती आजही आहे. सी. पी. टँक या नावात कावसजी पटेल दडलेले आहेत. वांद्र्याचा तलाव नवपाड्याच्या एका धनिक कोकणी मुसलमानाने बांधला, असे सांगतात. धोबीतलाव आटू लागला तेव्हा फ्रामजी कावसजी बनाजी यांनी आपल्या मुगभाटातील वाडीत विहिरी खणल्या आणि यंत्राने पाणी उपसून ते तलावात सोडले. हा तलाव पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि कालांतराने बुजविला गेला. तेथे त्यांच्या नावाची संस्था तेवढी राहिली. या माणसांनी पाणी विकले नाही, ही गोष्ट आम्हांस आज फार मोठी वाटते.

परंतु शहर वाढले आणि दानाचे पाणी पुरेना. 1854 च्या सुमारास पाण्याचा असा दुष्काळ पडला की शहरातली गुरे माहीमकडे हाकलावी लागली आणि बाहेरून आणलेले पाणी हौदांत ओतून लोकांना वाटण्यात आले. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन त्या वेळी जेमतेम वर्ष झाले होते. कॅप्टन क्रॉफर्ड यांनी साष्टीतील मिठी नदीचे खोरे अडविण्याची कल्पना आधीच मांडलेली होती. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने तिचा आराखडा केला. 1856 मध्ये काम सुरू झाले आणि 1860 मध्ये विहार सरोवराचे पाणी नळाने मुंबईत आले. दिवसाला सुमारे 3 कोटी 20 लाख लिटर पाणी द्यावे, अशी ती योजना होती. भारतातील नगरपालिकेच्या नळयोजनांचा आरंभ येथूनच झाला, असे मानले जाते.

पुढच्या चारच वर्षांत, 1864 च्या शिरगणतीत, मुंबईची वस्ती 8 लाख 16 हजारांवर गेलेली आढळली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसांचे लोंढे येत होते. विहार अपुरे पडू लागले. शिवाय पाणी घरोघर आले तरी वापरलेले पाणी वाहून नेण्यास धड गटारे नव्हती. मुंबई ओली झाली, स्वच्छ झाली नाही. मग 1879 मध्ये तुळशी सरोवर आले, 1891 मध्ये पवई. पवईची कथा थोडी केविलवाणी आहे. टंचाईच्या भीतीने ते घाईने बांधले गेले, पण पाणी पिण्यालायक निघाले नाही आणि लवकरच त्याचा नाद सोडावा लागला. फ्रामजी कावसजींची जहागीर एके काळी याच पवईत होती, हा योगायोग म्हणावयाचा.

विहार हे आधी एका गावाचे नाव होते. गाव पाण्याखाली गेले आणि नाव पाण्याला मिळाले. या डोंगराच्या पायथ्याला साष्टीतील आपली जुनी ख्रिस्ती वस्ती पसरली होती. मरोळजवळ येशूसंघीयांनी 1579 मध्ये बांधलेले योहान बाप्तिस्ताचे चर्च अद्याप भग्नावस्थेत उभे आहे. 1840 मध्ये साथ आली आणि धर्मग्राम तेथून मरोळला हलला. विहारचा बांध त्यानंतर सोळा वर्षांनी सुरू झाला. आज ते भग्न मंदिर सीप्झच्या कुंपणात आहे आणि वर्षातून एकदा सणाच्या दिवशी भाविकांना तेथे जाता येते. भाताची खाचरे, मिठीचा ओहोळ, वर डोंगर असा तो मुलूख होता. त्या खाचरांचे पुढे काय झाले, हे मरोळ-सहार-कुर्ल्याच्या म्हाताऱ्यांना विचारावे. ज्या नदीला विहार-पवईने बांध घातला, तीच मिठी 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा घराघरांत शिरली. तोवर पुष्कळांनी तिला नाला समजून सोडून दिले होते.

खरा पल्ला ओलांडला तो तानसाने. 1892 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या हस्ते या योजनेचे उद्घाटन झाले. बांध सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब. तेथून मुंबईपर्यंत पाणी उताराने येते. ही तानसा आम्हां वसईकरांना परकी नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीची उन्हाळी कुंडे तिच्याच काठी आहेत, आणि वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, ही कथा येथे सर्वांना ठाऊक आहे. शहराचा हात शंभर किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि मग थांबला नाही. 1950 च्या दशकात वैतरणेवर धरण झाले. त्याला मोडक नावाच्या महापालिकेच्या अभियंत्याचे नाव दिले गेले. 1973 मध्ये ऊर्ध्व वैतरणा, 1980 च्या दशकात भातसा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. आज सात सरोवरांत मिळून सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर पाणी मावते. त्यातले निम्मे एकट्या भातसाचे. विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्केसुद्धा होत नाहीत.

मधल्या काळात शहरातल्या विहिरींचे काय झाले? त्यांच्यावर आधी नारूचा ठपका आला आणि मग हिवतापाचा. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. घरगुती विहिरींत डास वाढतात, हे त्याचे मुख्य सूत्र. अहवाल चुकीचा नव्हता. नारूने माणसे जायबंदी होत होती, हिवतापाने मरत होती, आणि जुने ते सर्व अमृत होते असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. विहिरी झाकण्यात आल्या, कित्येक बुजविण्यात आल्या. पारशी आणि हिंदू समाजांनी धर्माचारासाठी उघडे पाणी लागते म्हणून विरोध केला, त्यामुळे काही वाचल्या. एक मात्र खरे, की नळ आल्यावर विहीर राखण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर जलाशय आहे. त्याच्या माथ्यावरील उद्यानाला जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. लोकमान्य टिळकांचे हे स्नेही, 1925 मध्ये मुंबईचे महापौर झालेले. ते माझगावचेच. त्या उद्यानात फिरणाऱ्या किती जणांना पायाखाली पाणी असल्याचे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता शहापूर तालुक्याकडे वळू या. तानसा तेथे, भातसाही तेथेच. मुंबईची निम्म्याहून अधिक तहान हा एक तालुका भागवितो. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर टँकर पाठवावे लागतात. वारली, कातकरी, ठाकूर बाया डोक्यावर हंडे घेऊन मैलोगणती चालतात. सरोवराचे पाणी डोळ्यांना दिसते, हाताला लागत नाही. वसईच्या विहिरींतले पाणी उपसून टँकर बाहेर जाऊ लागले तेव्हा आम्ही वसईकरांनी आवाज उठविला. आपल्या विहिरी आटल्यावर जी कळ आम्हांस आली, तीच कळ शहापूरच्या पाड्यांना किती वर्षे येत आहे, याचा विचार आम्ही तेव्हा केला होता का? आमच्यापुरते उत्तर 'नाही' असेच आहे. आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर आणखी एका धरणाची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. ते झाले तर पुन्हा काही गावे उठतील, पुन्हा जंगल पाण्याखाली जाईल.

जुन्या सरोवरांची राखण तरी आपण नीट करतो, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पवई जलपर्णीने आणि सांडपाण्याने कित्येक वर्षे गुदमरते आहे. तिच्या काठाने सायकलमार्ग करण्याचा घाट घातला गेला, तो 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविला. विहार आणि तुळशी मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात असल्यामुळे बचावली आहेत.

ईस्ट इंडियन घरांतून लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' आणण्याची चाल आहे. वऱ्हाडी मंडळी वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरदेवाला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. मरोळ, कुर्ला, वांद्रे येथील गावठाणांत विहिरी होत्या तोवर प्रत्येक पाखाडीला आपले पाणी होते. अलीकडे आम्ही अशाच एका वरातीबरोबर गेलो होतो. विहिरीवर काँक्रीटची फरशी घातलेली होती. बँड वाजतच होता. तेव्हा शेजारच्या नळाखाली कळशी धरण्यात आली, यजमानीणबाईंनी ती फुलांनी सजविली आणि मंडळी गाणी म्हणत परत निघाली. कळशीतले पाणी बहुधा भातसाचे असावे.