किण्व आणि चैतन्य : लोकायतांच्या एका दृष्टांताचा इतिहास

जडातून जाणीव कशी उपजते, या प्रश्नाचे प्राचीन भारतातील सर्वांत धीट उत्तर लोकायतांनी, म्हणजे पुढे चार्वाक या नावाने ओळखल्या गेलेल्या भूतवाद्यांनी दिले, आणि त्यासाठी दृष्टांत घेतला तो मद्य तयार करणाऱ्यांच्या व्यवसायातून. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चार भूते सुटी असताना अचेतन असतात. परंतु ती देहरूपाने एकत्र आली की, किण्वादी द्रव्यांच्या मिश्रणात मादकता यावी तसे, त्यांच्या ठायी चैतन्य दिसू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. किण्व म्हणजे धान्य आंबवण्यासाठी त्यात घातले जाणारे द्रव्य. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘मेदक’ या मद्यासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण दिलेले आहे. आणि त्याच ग्रंथात आन्वीक्षिकी, म्हणजे तर्कविद्या, हिच्यात सांख्य व योग यांच्या जोडीने लोकायताची गणना केलेली आहे. तेव्हा हा दृष्टांत मद्यपींच्या बैठकीतला नव्हता, तर नित्य पाहण्यातल्या एका क्रियेवरून बांधलेले ते अनुमान होते.

लोकायतांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची मते कळतात ती मुख्यतः प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून, आणि त्या प्रतिपक्षाने एक मोलाचा तपशील जपला आहे. आठव्या शतकातील बौद्ध पंडित कमलशील यांनी नोंदवले आहे की, भूतांपासून चैतन्य ‘उत्पन्न होते’ की ‘अभिव्यक्त होते’, म्हणजे ते नव्याने निर्माण होते की सुप्त असलेले उघड होते, याविषयी खुद्द लोकायत टीकाकारांतच मतभेद होता. जडवादाचा खरा पेच याच दोन क्रियापदांच्या मध्ये आहे, आणि तो त्यांनी स्वतःच ओळखला होता, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष मानली पाहिजे.

सर्वांत मर्मभेदी आक्षेप शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात घेतला. अग्नी स्वतःला जाळत नाही आणि कितीही तरबेज नट स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही. त्याचप्रमाणे चैतन्य हा भूतांचा धर्म असेल, तर ते भूतांनाच आपला विषय कसे करील, असा त्यांचा प्रश्न होता. या आक्षेपाला किण्वाच्या दृष्टांतात उत्तर नाही, कारण मद्याला आपण मादक आहोत याचे भान नसते.

किण्वाचे रहस्य मात्र पुढे उलगडले. आंबण्याची क्रिया सजीव सूक्ष्म पेशींमुळे घडते, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी दाखवले, तेव्हा जडातून नवा गुण उपजल्याचा हा दाखलाच निसटल्यासारखा झाला. परंतु १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी पेशी चिरडून काढलेल्या निर्जीव रसानेही साखर आंबते, हे सिद्ध केले, आणि तो दाखला पुन्हा जडाच्या बाजूला आला. चैतन्याच्या बाबतीत असा निर्णायक प्रयोग अद्याप कोणाला करता आलेला नाही.