अन्तपालाची वर्तनी व सार्थांचें रक्षण

जकातीचा विषय निघाला कीं आपल्याकडे नाणेघाटांतील दगडी रांजणाचें नांव निघतेंच. त्या घाटांतील नागनिकेच्या लेखाच्या उपलब्ध भागांत यज्ञ व दक्षिणा यांची यादी आहे, जकातीचा उल्लेख नाहीं. तेव्हां रांजणाची कथा तूर्त बाजूस ठेवून, सरहद्दीवरील अधिकारी व व्यापारी यांच्या संबंधाविषयीं कौटिलीय अर्थशास्त्रांत जें स्पष्ट सांगितलें आहे त्याचाच येथें विचार करूं.

शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून, कौटिल्य व्यापाऱ्यांकडे केवळ संशयानें पाहतो असें म्हणण्याची वहिवाट पडली आहे. तीस आधार नाहीं असें नाहीं. चवथ्या अधिकरणांत तो वाण्यांस कारागीर, नट व भिक्षुक यांच्या पंक्तीस बसवून, चोर न म्हणविणाऱ्या चोरांत त्यांची गणना करितो. परंतु दुसऱ्या अधिकरणांतील शुल्काध्यक्षप्रकरण सावकाश वाचल्यास निराळेंच चित्र दिसूं लागतें.

सरहद्दीवरील अन्तपालानें मालाच्या दर वाहनामागें सव्वा पण, एकखुरी पशूमागें एक पण, गुरामागें अर्धा, लहान जनावरामागें पाव पण व खांद्यावरील ओझ्यामागें एक माष वर्तनी घ्यावी, असें तेथें सांगितलें आहे. वर्तनी म्हणजे वाटेचा कर. त्यास लागूनच, वाटेंत हरवलेलें वा चोरीस गेलेलें त्यानेंच भरून द्यावें, ही आज्ञा आहे. हीं दोन विधानें एकमेकांपासून तोडतां येत नाहींत. वर्तनी ही अन्तपालानें पत्करलेल्या जबाबदारीची किंमत होय, असें आमचें मत आहे.

व्यापाऱ्याकडूनहि कांहीं अपेक्षित होतें. परदेशी सार्थाच्या मालांतील सार व फल्गु अन्तपालानें तपासावा, त्यावर खूण व मुद्रा करावी आणि मग सार्थ शुल्काध्यक्षाकडे पाठवावा. नाक्यावर चार-पांच लेखक व्यापारी कोण, कोठून आला, माल किती, मुद्रा कोठें झाली, हें लिहून घेत. मुद्रा नसल्यास शुल्क दुप्पट, खोटी असल्यास आठपट. शिवाय व्यापाऱ्याच्या वेषांतील हेर सार्थाची बातमी राजास आधींच पोंचवीत असे, व ती नाक्यावर राजाचा प्रभाव म्हणून ऐकविली जाई! या सर्वज्ञतेचें आम्हांस हंसूं येतें. पण खोटें बोलण्यांत नफा नाहीं हें व्यापाऱ्यास कळविण्याचा तो स्वस्त उपाय होता.

चवथ्या अधिकरणांत हाच धागा पुढें येतो. सार्थिकांनीं आपल्या मालाचें मोल कळवून गांवांत उतरावें. रात्रीं त्यांचें कांहीं चोरीस गेल्यास गांवच्या मुख्यानें भरून द्यावें, दोन गांवांमधील रानांत विवीताध्यक्षानें, व तेंहि नसेल तेथें चोररज्जुकानें. ज्यानें माल लपविला त्यास भरपाई कशाची मागतां येणार? जाहीर केलेलें मोल हेंच शुल्काचें व रक्षणाचेंहि माप होतें.

आठव्या अधिकरणांतील वाद तर फारच मार्मिक आहे. अन्तपाल चोरांशीं संगनमत व जादा वसुली करून व्यापारी मार्गास पीडा देतो, व्यापारी मात्र मालाची देवघेव वाढवितात, असें पूर्वाचार्य म्हणत. कौटिल्य हें मानीत नाहीं. मालाची आवक सुकर करून अन्तपाल मार्ग चालता ठेवितो, व्यापारी मात्र एकजूट करून भाव चढवितात-उतरवितात, असें त्याचें उत्तर. आम्हांस पूर्वाचार्यांचा अनुभवहि खोटा वाटत नाहीं. भरपाईची आज्ञा ग्रंथांत घालावी लागली, ती अशाच अन्तपालांमुळें असावी. ज्या अधिकाऱ्यास चोरीचें नुकसान स्वतः सोसावें लागतें तो चोराशीं भागी करीत नाहीं.

नावध्यक्षप्रकरणांत, वादळानें भरकटलेल्या नौकेवर पित्याप्रमाणें अनुग्रह करावा व भिजलेल्या मालाचें शुल्क माफ वा निम्में करावें, असेंहि आहे.

जकातदारानें किंवा घाटाच्या रखवालदारानें चोरीस गेलेला माल भरून दिल्याचा एखादा मराठी कागद कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असल्यास त्यानें तो मूळ पाठासह अवश्य प्रसिद्ध करावा.